हरलं म्हणजे संपलं असं नाही: अमेरिकेतल्या कॉलेज महिला सॉकरचा नोव्हेंबर कसा बघावा

माझे सासरे कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचे फुटबॉलचे सामने बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमाराला ते आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात आले आणि चार दिवसांतच घरात बसून कंटाळले. म्हणून एका संध्याकाळी त्यांना कॅरी गावातल्या वेकमेड सॉकर पार्कवर कॉलेजच्या मुलींची स्पर्धा बघायला नेलं. सामना संपला. हरलेल्या संघातल्या मुली कठड्यापाशी येऊन घरच्यांशी गप्पा मारत होत्या, एक तर चक्क केळं खात उभी होती. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हरल्यात न्हवं ह्या पोरी? मग हसत्यात कशा?"

त्यानंतरच्या सामन्यात हरलेल्या मुली मात्र गवतावर बसून हमसून रडत होत्या. स्पर्धा तीच, फेरी तीच, फरकही तेवढाच, एका गोलाचा. बाबांना दोन्हींचा मेळ लागेना. कोल्हापुरात चषकाचा सामना हरला की तालीम गप्प होते, मधलं काही नसतं.

बाबांना तेव्हा गाडीत बसून जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते आहे. मुलं इथे शिकायला आलेले पालक, नव्याने राहायला आलेली कुटुंबं आणि हिवाळ्याआधी येणारे आजी-आजोबा अशा सगळ्यांसाठी. कॉलेज सॉकर बघायला फुटबॉल कळणं पुरत नाही. सामना सुरू होण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: आज हरलं तर कोणाचं काय जातं? त्याचं उत्तर प्रत्येक संघासाठी वेगळं असतं आणि खरी मजा त्यातच आहे.

आधी नकाशा

अमेरिकेत आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात हे एव्हाना कळलंच असेल. विद्यापीठांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिच्या सर्वांत वरच्या गटाचं नाव डिव्हिजन वन. त्यात महिलांचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत, पुरुषांचे त्याहून बरेच कमी. मुलींचे संघ इतके कसे, असं बाबांनी विचारलं होतं. 1972 मध्ये आलेल्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी केली आणि खेळही त्याच्या कक्षेत आले. मुलींच्या खेळांवर खर्च करणं भाग पडलं, आणि त्यासाठी सॉकर हा सोयीचा खेळ होता, एका संघात मुली भरपूर लागतात.

हे साडेतीनशे संघ कॉन्फरन्समध्ये वाटलेले आहेत. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसात केलेली लीग. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या पश्चिम विभाग, दक्षिण विभागासारखी ती असेल असं सुरुवातीला वाटतं, पण भूगोलावर भरवसा ठेवू नका. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, ही नावाप्रमाणे पूर्व किनाऱ्याची. 2024 पासून तिच्यात कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कलीची कॅल ही विद्यापीठंसुद्धा खेळतात. पॅसिफिकच्या काठावरच्या मुली अटलांटिकची लीग खेळायला पाच-पाच तास विमानात बसतात. अमेरिकन फुटबॉल नावाच्या दुसऱ्याच खेळाच्या टीव्हीच्या पैशापायी हे झालं, त्यात सॉकरच्या मुलींना कोणी विचारलं नव्हतं.

एसीसी, बिग टेन, एसईसी, बिग ट्वेल्व्ह या चार मोठ्या कॉन्फरन्स. यांच्यातले अनेक संघ राष्ट्रीय स्पर्धेत जातात. आयव्ही लीग, बिग ईस्ट, वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स यांसारख्या मधल्या. आणि बिग स्काय, स्वॅक अशा लहान, जिथून एरवी एकच संघ पुढे जातो. हा भेद लक्षात ठेवा, हसणाऱ्या आणि रडणाऱ्या मुलींचं कोडं इथेच सुटायला लागतं.

एकच संघ धरा

नवखा माणूस सगळं बघायला जातो आणि आठवडाभरात सोडून देतो. एक संघ निवडा. मुलगी शिकते ते विद्यापीठ, घराजवळचं विद्यापीठ, नाहीतर नुसता गणवेशाचा रंग आवडला म्हणून, काहीही चालेल. माझा एक आगाऊ सल्ला: पहिल्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना किंवा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ धरू नका. नॉर्थ कॅरोलायनाने एनसीएएचं विजेतेपद 2024 पर्यंत 22 वेळा मिळवलं आहे. असे संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाणार की नाही, हा प्रश्न सहसा पडतच नाही. धाकधूक हवी असेल तर मोठ्या कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात सहाव्या ते दहाव्या क्रमांकावर लोंबकळणारा संघ निवडा. त्याच्या बाजूने नोव्हेंबर काढला की सगळे नियम आपोआप पाठ होतात.

पंचांग

हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो. पहिला महिना कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी सामने, मग ऑक्टोबर अखेरपर्यंत कॉन्फरन्समधले. ऑक्टोबर संपता संपता कॉन्फरन्सची स्पर्धा, त्यानंतरच्या सोमवारी राष्ट्रीय स्पर्धेच्या 64 संघांची घोषणा, आणि डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शेवट. 2024 चं उदाहरण घ्या. घोषणा 11 नोव्हेंबरला झाली, त्याच आठवड्याच्या शेवटी पहिली फेरी, आणि 9 डिसेंबरला कॅरीतच अंतिम सामना. चार महिन्यांत सगळं आटोपतं. त्यामुळे एखादीचा गुडघा सप्टेंबरात दुखावला तर तिचं वर्ष गेलंच म्हणायचं.

गुणतक्ता आणि कॉन्फरन्स स्पर्धेचं तिकीट

कॉन्फरन्सच्या तक्त्यात विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. हे आपल्या ओळखीचं. यातले वरचे काही संघ कॉन्फरन्स स्पर्धेला पात्र ठरतात. किती, ते प्रत्येक कॉन्फरन्स स्वतः ठरवते आणि वरचेवर बदलतेही. कुठे चार, कुठे सहा, कुठे आठ-दहा. आयव्ही लीगमध्ये 2023 च्या आधी अशी स्पर्धाच नव्हती, तक्त्यात पहिला तो विजेता. आता चार संघांची स्पर्धा होते. जुन्या पॅक ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्येही महिला सॉकरची स्पर्धा नव्हती. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचीही अनेक वर्षं नव्हती, आणि त्याच काळात तिथल्या सांता क्लाराने मे 2021 मध्ये फ्लोरिडा स्टेटला पेनल्टींवर हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. करोनामुळे तो हंगाम लांबून मे महिन्यात संपला होता.

म्हणून तुमचा संघ ठरला की पहिलं काम: त्याच्या कॉन्फरन्सच्या संकेतस्थळावर जाऊन यंदा किती संघ घेणार, सामने कुठे होणार आणि गुण सारखे झाले तर पुढे कोण, एवढं वाचून ठेवा. तिसरी गोष्ट कंटाळवाणी वाटते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी तीच लागते. मधल्या क्रमांकांवर तीन-चार संघांचे गुण सारखे असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

ठिकाणाचे दोन प्रकार. काही कॉन्फरन्स सगळ्यांना एका त्रयस्थ गावी बोलावतात. एसीसीची स्पर्धा अनेकदा कॅरीला झाली आहे, एसईसीची अलीकडे फ्लोरिडात पेन्साकोलाला होते. काही ठिकाणी तक्त्यात वर असलेल्या संघाच्या घरी सामने होतात. त्रयस्थ गावचा एक तोटा सांगते: विद्यार्थी येत नाहीत, प्रेक्षकांत पालकच जास्त. फायदा असा की कुठेही बसा, प्रशिक्षकाचं ओरडणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं.

मैदानावरचं जे वेगळं आहे

घड्याळ उलटं चालतं. 45 मिनिटांपासून शून्याकडे. गोल, कार्ड, दुखापत अशा वेळी पंच ते थांबवतात, त्यामुळे शेवटी पंचांच्या मनातली ज्यादा मिनिटं नसतात. शून्य झालं की भोंगा, खलास. शेवटचे दहा सेकंद निवेदक मोठ्याने मोजतो. बाबांना हे मुळीच पटलं नाही, "बास्केटबॉल हाय का ह्यो?" पण याच घड्याळाने एक विलक्षण शेवट दिला आहे. 2022 चा राष्ट्रीय अंतिम सामना कॅरीतच झाला. नॉर्थ कॅरोलायना 2-0 ने पुढे होती, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने एक गोल फेडला, आणि घड्याळात 16 सेकंद उरले असताना कॉर्नर किकवरून बरोबरी साधली. पुढे जादा वेळेत 3-2 असा विजय. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तेच आकडे कमी कमी होत होते, त्याचा ताण वेगळाच असतो.

बदली खेळाडू हवे तितके. पहिल्या अर्धात बाहेर गेलेली मुलगी त्या अर्धात परत येत नाही, दुसऱ्या अर्धात बाहेर गेलेली एकदा परत येऊ शकते. त्यामुळे प्रशिक्षक अख्खी आघाडीची फळी एकदम बदलताना दिसेल. ती शिक्षा नव्हे, विश्रांती असते.

बरोबरी झाली तर काय, हे 2022 मध्ये बदललं. साखळी सामन्यांतला जादा वेळ रद्द झाला, बरोबरी ती बरोबरी. बाद फेरीत मात्र दहा-दहा मिनिटांचे दोन भाग, दोन्ही पूर्ण खेळायचे, आणि तरीही कोंडी सुटली नाही तर पेनल्टी. इथे नवख्यांना न दिसणारी एक गोष्ट आहे. पेनल्टींवर जिंकलेला सामना नोंदीत बरोबरी म्हणूनच लागतो. पुढच्या फेरीत जाणारा संघ ठरला, एवढंच. हे का महत्त्वाचं, ते लवकरच कळेल.

राष्ट्रीय स्पर्धेचे दोन दरवाजे

64 जागा. पहिला दरवाजा सरळ आहे: प्रत्येक कॉन्फरन्सचा विजेता थेट आत. जिथे स्पर्धा होते तिथे विजेता म्हणजे स्पर्धा जिंकणारा. तक्त्यात पहिला आलेला नव्हे! 2024 मध्ये अशा थेट जागा 30 होत्या. उरलेल्या 34 जागा निवड समितीच्या हातात. हा दुसरा दरवाजा.

आता लहान कॉन्फरन्समधला एक संघ डोळ्यांसमोर आणा. दोन महिने एकही सामना न हरता तक्त्यात पहिला. स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गोलशून्य बरोबरी आणि पेनल्टीत एक फटका खांबाला लागला. संपलं. समिती त्याच्याकडे वळून बघण्याची शक्यता फार थोडी, कारण त्याने हरवलेले संघ बलवान नव्हते. चौथ्या, म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी तर कारकीर्दच संपली. गवतावर बसून रडणाऱ्या मुली अशा असतात.

उलट मोठ्या कॉन्फरन्सच्या तक्त्यात दुसरा आलेला संघ उपांत्य फेरीत हरला, तर त्याचं फार तर मानांकन एखाद्या पायरीने घसरतं. चार दिवस विश्रांती मिळाली म्हणून प्रशिक्षक मनातून खूशही असेल. म्हणून केळं खात गप्पा. 2024 मध्ये एसीसी स्पर्धा फ्लोरिडा स्टेटने जिंकली, सलग पाचव्यांदा. पण महिन्याभराने राष्ट्रीय विजेतेपद घेऊन गेली नॉर्थ कॅरोलायना. त्या वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरीतले चारही संघ एसीसीचे होते: नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, वेक फॉरेस्ट आणि स्टॅनफर्ड. त्यातल्या एकालाही त्या वर्षी कॉन्फरन्स स्पर्धेचा चषक मिळालेला नव्हता.

आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये विभागातले वरचे संघ अखिल भारतीयला जातात, मैदानावरच सगळं ठरतं. इथे निम्म्याहून अधिक जागा बंद खोलीत कागद बघून ठरतात. मला हे आधी खटकायचं. आता वाटतं, साडेतीनशे संघ एकमेकांशी खेळूच शकत नाहीत म्हटल्यावर दुसरा मार्ग कोणता?

समिती कागदावर काय बघते

मुख्य आकडा आरपीआय, म्हणजे रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स. नाव ऐकून दचकू नका, नेट रन रेट ज्याला समजतो त्याला हे अवघड नाही. तीन भाग असतात. तुमच्या विजयांचं प्रमाण, त्याला 25 टक्के वजन. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचं प्रमाण, त्याला 50 टक्के. आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं, त्याला 25 टक्के. शिवाय काही किरकोळ भर-वजावट होते, ती सुरुवातीला विसरलात तरी चालेल.

कागदावर करून बघू. एका काल्पनिक संघाने 18 पैकी 14 सामने जिंकले, 4 हरले. प्रमाण .778. पण समोरचे दुबळे होते, त्यांचं प्रमाण .450. आणि त्यांचे प्रतिस्पर्धी .500. बेरीज: .194 अधिक .225 अधिक .125, म्हणजे .544. दुसऱ्या संघाने 17 पैकी 10 जिंकले, 7 हरले, प्रमाण .588. समोरचे मात्र तगडे, .600, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी .550. बेरीज: .147 अधिक .300 अधिक .138, म्हणजे .585. सात सामने हरलेला संघ चार हरलेल्याच्या पुष्कळ पुढे!

शेजारणीची पोर सोप्या शाळेत 95 टक्के काढते आणि आपली अवघड शाळेत 80, त्यातली ही कटकट. इथे शाळेच्या अवघडपणालाच निम्मे गुण दिलेत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ऑगस्ट-सप्टेंबरात कोणाशी खेळलात यावर नोव्हेंबर उभा असतो. कॉन्फरन्समध्ये एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव, तिथे एकूण बेरीज वाढत नाही. कॉन्फरन्सचं वजन वाढतं ते बाहेरच्यांना हरवून. त्यामुळे सप्टेंबरात तुमच्या कट्टर वैरी विद्यापीठाने बाहेर जाऊन कोणाला धुतलं तर मुकाट्याने टाळ्या वाजवा, त्यात तुमचंही भलं आहे. दुसरी गोष्ट बरोबरीची. आरपीआयमध्ये बरोबरी म्हणजे अर्धा विजय असं पूर्वी होतं, अलीकडे तिची किंमत त्याहून कमी केली आहे. म्हणजे पेनल्टींवर मिळवलेला 'विजय' पुढच्या फेरीत नेतो, पण कागदावर विजयाइतका मोलाचा ठरत नाही.

आरपीआयशिवाय समिती आमनेसामनेचे निकाल बघते, दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी बघते, आणि आधीच निवडलेल्या संघांविरुद्ध तुम्ही काय केलंत तेही बघते. प्रशिक्षकांच्या मतांवर निघणारी साप्ताहिक क्रमवारी बातम्यांत झळकते, संघाच्या नावाआधी तोच आकडा छापतात. निवडीत तिला स्थान नाही. पहिल्या वर्षी मी त्या क्रमवारीवर विसंबून घरात सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "आपण आत आहोत." सोमवारी तोंडघशी पडले.

आणखी एक अट, जिची आठवण सगळ्यांना उशिरा होते. समितीने निवडायचं तर एकूण विजय पराभवांपेक्षा कमी असून चालत नाही. समजा तुमचा संघ 8 विजय, 8 पराभव, 2 बरोबरी अशा नोंदीवर मोठ्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत शेवटचा म्हणून शिरला. आरपीआय उत्तम. पहिल्याच सामन्यात हरला तर 8-9-2. दरवाजा बंद. स्पर्धेला पात्रच ठरला नसता तर निदान यादीत राहिला असता! अशा संघाच्या पालकांशेजारी बसून सामना बघायचा म्हणजे काळीज घट्ट हवं.

कुंपणावरचा आठवडा

आत की बाहेर हे नक्की नसलेल्या संघांना इथे बबलवर असलेले संघ म्हणतात. मी त्यांना कुंपणावरचे म्हणते. ढोबळ मानाने आरपीआयमध्ये तिशीच्या आतला संघ निर्धास्त असतो, साठीच्या पलीकडल्याने कॉन्फरन्स जिंकल्याशिवाय आशा करू नये. मधले सगळे देव पाण्यात घालून बसलेले.

तुमचा संघ त्या पट्ट्यात असेल तर एक वही घ्या. मी वाण्याच्या हिशेबाची लांबट वही वापरते, नवरा एक्सेल. डावीकडे आपल्या आसपासच्या दहा-बारा संघांची नावं. प्रत्येकापुढे तीन रकाने: आरपीआयचा क्रमांक, वरच्या पन्नासातल्या किती संघांना हरवलं, आणि कॉन्फरन्स स्पर्धेत अजून जिवंत आहे का. क्रमवारी एनसीएएच्या संकेतस्थळावर मिळते. रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटांत वही अद्ययावत होते.

मग ठरवायचं, आज कोणाच्या बाजूने ओरडायचं. यात सर्वांत घातक प्राणी म्हणजे जागा पळवणारा. एरवी निवड न होणारा संघ आपली कॉन्फरन्स स्पर्धा अवचित जिंकतो. त्याला थेट जागा मिळते. त्याच कॉन्फरन्सचा बलवान संघ समितीच्या 34 मधून आत येतो. म्हणजे कुंपणावरच्यांची एक जागा गेली. एरवी दुबळ्याच्या बाजूने उभं राहणारी मी त्या आठवड्यात मध्यम कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांत बलाढ्य संघांचा जयजयकार करते. याची थोडी लाज वाटते, पण थोडीच.

कॉन्फरन्स स्पर्धेतला तुमच्या संघाचा सामना वाचताना हेही लक्षात घ्या: वरच्या दहातल्या संघाशी झालेला पराभव फारसा दुखवत नाही, तळाच्या संघाशी झालेला झोंबतो. म्हणून पहिल्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळणं ही नेहमी आनंदाची गोष्ट नसते.

निवडीचा सोमवार

घोषणेचा कार्यक्रम छोटा आणि घाईचा असतो. संघ एका खोलीत बसून तो बघतात, विद्यापीठं त्याची चित्रफीत टाकतात. चार विभागांत प्रत्येकी 16 संघ, त्यातल्या आठांना 1 ते 8 मानांकन. म्हणजे एकूण 32 मानांकित. ही पद्धत 2022 पासूनची, त्याआधी 16 संघांनाच मानांकन मिळायचं.

मानांकित संघाला पहिली फेरी घरच्या मैदानावर. बिगरमानांकितांना कुठे पाठवायचं ते ठरवताना समिती अंतरही बघते, शक्यतो जवळच्या ठिकाणी धाडते. आणि एकाच कॉन्फरन्सचे दोघे पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊ नयेत हेही बघते. त्यामुळे 'आपल्याला एवढा कठीण विभाग का दिला?' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा रस्त्याच्या नकाशात असतं, कटात नव्हे.

दुसरी आणि तिसरी फेरी चार-चार संघांना एका ठिकाणी बोलावून एकाच आठवड्याच्या शेवटी उरकतात. उपांत्यपूर्व सामना वरच्या मानांकनाच्या घरी. शेवटचे चार संघ कॉलेज कपला, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामन्यांना जातात, त्याचं गाव आधीच ठरलेलं असतं. कॅरीला हा मान अनेकदा मिळाला, 2025 चा कॅन्सस सिटीत झाला.

घरचं मैदान म्हणजे विजय असंही नाही. 2021 मध्ये नॉर्थ कॅरोलायना पहिल्याच फेरीत चॅपल हिलला, स्वतःच्या मैदानावर, साउथ कॅरोलायनाकडून 0-1 हरली. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात कोणी सॉकरचं नाव काढलं नाही.

आणि तुमच्या संघाचं नाव चौथा विभाग संपला तरी आलं नाही, तर? मग खरंच संपलं. बाहेर राहिलेल्यांसाठी दुसरी स्पर्धा इथे नाही.

प्रत्यक्ष जाताना, आणि भारतातून बघताना

तिकीट आधी ऑनलाइन घ्या, फोनवर येतं. मोठ्या मैदानांवर बहुधा पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात, म्हणून घरून निघण्याआधी त्या मैदानाचा नियम बघा, नाहीतर पर्स परत गाडीत ठेवायला वाहनतळाची प्रदक्षिणा. नोव्हेंबरात संध्याकाळी सात नंतर लोखंडी बाकांचा गारठा हाडात शिरतो. सोलापुरी चादर चौघडी करून खाली घ्या, अंगावर नव्हे, खाली. बाबांच्या कानटोपीला दोन रांगांत प्रशंसक मिळाले होते.

सामने बहुतेक ईएसपीएनच्या सशुल्क ॲपवर आणि कॉन्फरन्सच्या वाहिन्यांवर दिसतात. भारतातल्या नातेवाइकांना वेळ सांगताना एक घोळ हमखास होतो. इथलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं, आणि तो रविवार नेमका कॉन्फरन्स स्पर्धेच्या दिवसांत येतो. त्याआधी पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना भारतात पहाटे साडेचारला, त्यानंतर साडेपाचला. गेल्या वर्षी बाबा कोल्हापुरात साडेचारला उठून तासभर रिकामा पडदा बघत बसले होते. आता मी त्यांना सामन्याची वेळ थेट भारतीय घड्याळाप्रमाणे लिहून पाठवते, आणि खाली त्या दिवशी कोणाचं काय पणाला लागलंय ते एका ओळीत.